आज वार कोणता?

मराठी भाषेने डोक्याइतके दुसऱ्या कोणत्याही अवयवाला राबवलेले नाही. ते दुखते, उठते, फिरते, तापते, भणाणते. ते लढवता येते, चालवता येते, खाता येते, पिकवता येते आणि प्रसंगी गहाणही टाकता येते. माणूस मात्र खरोखरच विचित्र वागू लागला की हा सगळा ऐवज बाजूला पडतो आणि आपण आवाज खाली आणून एवढेच म्हणतो, ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ कशाचा परिणाम, ते सांगण्याची चाल नाही आणि विचारण्याचीही नाही. ऐकणारा समजून उमजून मान हलवतो आणि विषय बदलतो.

या सदरात मी एरवी शब्दांच्या आणि म्हणींच्या गोष्टी सांगत असते. वैद्यकाशी माझा संबंध पडशाची गोळी घेण्यापुरता. तरी यंदा हा ‘कशाचा?’ माझ्या टेबलावर येऊन पडला. माझी एक जुनी विद्यार्थिनी बी. ए.ला मराठी घेऊन पुढे समाजकार्याकडे वळली. घर सोडून आलेल्या बायकांसाठी चालवलेल्या एका निवाऱ्यात ती काम करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोन इंग्रजी कागद घेऊन घरी आली.

‘मॅडम, एवढं मराठीत करून द्याल? मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, पण बायका नुसत्या तोंडाकडे बघत राहतात.’

मोबाइलने काय केले होते ते मी पाहिले. एक प्रश्न होता, ‘आपण चेतना गमावली होती काय?’ त्या निवाऱ्यात चेतना नावाची एक चार वर्षांची मुलगी आहे. प्रश्न ऐकताच दोघीतिघी उठून ती हरवली की काय ते पाहायला धावल्या होत्या.

दोन्ही कागदांचे काम वेगळे, हे तिने मला आधी समजावून दिले. पहिला कागद माणसाचे चित्त आज कितपत ठिकाणावर आहे ते पाहतो. दुसरा कागद मागे वळून विचारतो, की या माणसाच्या मेंदूला पूर्वी कधी इजा झाली असेल का? पहिला परीक्षेसारखा, दुसरा चौकशीसारखा. निवाऱ्यात आलेली बाई वेंधळ्यासारखी वागते, सांगितलेले विसरते, एकदम भडकते. तिला ‘तापट’, ‘कामचुकार’ ही विशेषणे लावण्याआधी हे दोन कागद भरावेत, अशी तिची इच्छा होती.

पहिला कागद वरवर पाहणाऱ्याला पोरखेळ वाटेल. आज वार कोणता? महिना कोणता? आपण कोणत्या गावात, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आहोत? तीन वस्तूंची नावे सांगते, ती म्हणून दाखवा. थोड्या वेळाने पुन्हा विचारीन. शंभरातून सात वजा करा, उरतील त्यांतून पुन्हा सात, असे पाच वेळा. हे काय? पेन. ते काय? घड्याळ. हा कागद उजव्या हातात घ्या, मधोमध दुमडा आणि जमिनीवर ठेवा. एक वाक्य लिहा. एकमेकांत गुंतलेल्या या दोन पंचकोनांसारखी आकृती काढा. एकूण गुण तीस. मार्शल फोल्स्टाइन, सुझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी १९७५ साली अमेरिकेत हा कागद प्रसिद्ध केला आणि पुढे तो जगभरच्या रुग्णालयांत खाटेपाशी पोहोचला. त्याआधीही डॉक्टर असले प्रश्न विचारीतच असत. पण एकाने वार विचारावा, दुसऱ्याने विचारू नये, आणि ‘रुग्ण जरा गोंधळलेला वाटतो’ असा मोघम शेरा मारावा, असे चाले. या तिघांनी त्या शेऱ्याला आकडा दिला. सोमवारी पंचवीस आणि गुरुवारी अठरा म्हटले की, चार दिवसांत काहीतरी बिघडले आहे हे नव्या डॉक्टरलाही कळते.

प्रत्येक प्रश्नामागे एकेक खाते आहे. वार आणि गाव विचारले की माणसाला काळाचे व स्थळाचे भान आहे का ते कळते. तीन वस्तू थोड्या वेळाने आठवल्या तर नवीन गोष्ट मनात टिकते आहे. सात वजा करताना आधीचा आकडा ध्यानात धरून पुढचे पाऊल टाकावे लागते. तिथे लक्षाची परीक्षा होते, गणिताची नव्हे. पंचकोन काढणे हे डोळा आणि हात यांच्या मेळाचे काम.

आता मी पडले परीक्षक. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे प्रश्नपत्रिकेतली खोट मला आधी दिसते. ‘एक वाक्य लिहा’ याच्याखाली सूचना होती, की वाक्यात कर्ता व क्रियापद असल्याशिवाय गुण देऊ नये. इंग्रजीत ठीक आहे. पण एखाद्या बाईने लिहिले, ‘हे माझे गाव.’ तर? क्रियापद नाही म्हणून गुण कापायचा? मराठीत ते वाक्य पुरे आहे, अर्थाने आणि व्याकरणानेही. त्या एका गुणासाठी मी माझ्या विद्यार्थिनीशी पाऊण तास वाद घातला. शेवटी तिने कागदाच्या कडेला लिहून घेतले, ‘क्रियापद अध्याहृत असले तरी चालेल.’

दुसरी अडचण पंचांगाची. निवाऱ्यातल्या एका साठीच्या बाईला तारीख विचारली तर तिने डोके हलवले. महिनाही सांगेना. प्रश्न विचारणारी मुलगी शून्य मांडणार, तेवढ्यात ती बाई म्हणाली, ‘परवा संकष्टी झाली बघ, म्हणजे आज वद्य षष्ठी.’ तिचे काळाचे भान शाबूत होते. विचारणारीला तिथी कळत नव्हती, एवढाच दोष.

ही अडचण जाणत्या लोकांच्या ध्यानात पूर्वीच आलेली आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करताना संशोधकांनी या कागदाचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी पाटी हातात धरलेली नाही त्यांना ‘हे वाचा आणि तसे करा’ कसे म्हणणार? त्यांनी त्याऐवजी ‘माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे म्हणून डोळे मिटून दाखवले. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावले. हे नुसते भाषांतर नव्हे. मूळ प्रश्न कशासाठी विचारला आहे ते ओळखून नवा प्रश्न बेतणे याला भाषांतराहून अधिक अक्कल लागते.

याच्याही कितीतरी आधीची एक गोष्ट आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. त्याने निरक्षर शेतकऱ्यांना एक कोडे घातले. उत्तरेकडे, जिथे बर्फ असते तिथे, सगळी अस्वले पांढरी असतात; अमुक एक जागा त्या उत्तरेत आहे; तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? शाळा न शिकलेल्या कित्येकांचे उत्तर अशा अर्थाचे आले, की मी तिथे गेलेलो नाही, मी काळे अस्वल पाहिले आहे, न पाहिलेल्याविषयी बोलू नये. तर्कशास्त्राच्या पेपरात हे नापास. पण कोर्टात साक्षीला उभे करायचे झाले तर मी याच माणसांना उभे करीन. शाळेने शिकवलेली सवय आणि मेंदूची धड अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विसरून प्रश्न विचारला की शहाणी माणसेही वेडी ठरतात.

उलटही घडते, आणि ते अधिक घातक असते. शिकलेला माणूस पाठांतराच्या जोरावर सहज निसटून जातो. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अजून तोंडपाठ. जिन्यात भेटले की आमच्या मुलाला अडवून ‘बारा दिडे किती?’ विचारायचे. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर ते दुपारचेच झोपू लागले. बोलताना शब्द अडे. चप्पल उलटी घालून फिरायला निघत. सगळ्या जिन्याने एकमताने निकाल दिला, ‘साठी बुद्धी नाठी, यांची तर अठ्ठ्याहत्तरी.’ कोणी तरी दिडकी विचारून पाहिली तर मास्तरांनी घडाघडा म्हणून दाखवली. मग सगळेच निर्धास्त झाले. सूनबाईंना मात्र चैन पडेना. त्यांचे म्हणणे एवढेच, की मामंजी वर्तमानपत्र वाचतात पण वाचलेले सांगत नाहीत, आणि चालताना उजवा पाय घासतो.

डॉक्टरांनी दिडकी विचारली नाही. त्यांनी वार विचारला. मास्तरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, ‘शाळेला सुट्टी आहे, म्हणजे रविवार असावा.’ तो बुधवार होता. मग डॉक्टरांनी सूनबाईंना विचारले, ‘गेल्या दोनतीन महिन्यांत कधी पडले होते का? डोकं आपटलं होतं का?’ आधी ‘नाही’ असेच उत्तर आले. घरी परतताना सूनबाईंना आठवले, की गणपतीत माळ्यावरून मखर काढताना मास्तरांचे डोके कपाटाच्या दारावर आपटले होते. टेंगूळही आले नव्हते. सगळे हसले होते. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये डाव्या बाजूला जुने रक्त साचलेले दिसले. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही फुटतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आणखी सहज. रक्त आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबाने साचते आणि मेंदूला दाबत राहते. कवटीला दोन भोके पाडून ते काढून टाकले. दहाव्या दिवशी मास्तर घरी आले आणि आल्या आल्या वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजू लागले. प्रत्येक म्हातारपणाचा विसर असा शस्त्रक्रियेने जात नाही, बहुतेक वेळा जात नाही. पण ज्याचा जाण्यासारखा आहे त्याला म्हणीच्या आधाराने घरी बसवून ठेवणे हा त्या म्हणीचा केवढा अपराध!

म्हणींवरून आठवले. मनाची अवस्था तपासताना डॉक्टर म्हणींचा अर्थही विचारतात. शब्दांच्या पलीकडचा आशय माणसाला दिसतो का, हे त्यातून पाहायचे असते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ याचा अर्थ रुग्णाने ‘ओढ्यात आवाज होतो’ असा सांगितला तर त्याचा विचार वस्तूला चिकटून राहिला आहे असे समजतात. हे ऐकून मी गंभीर झाले. कारण माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात याच म्हणीवर एका हसतमुख मुलाने उत्तर लिहिले होते, ‘अशा पाण्यात मासे मिळत नाहीत.’ त्याचे डोके उत्तम आहे. तो कोकणातला आहे आणि त्याचे वडील मासेमारी करतात. तेव्हा म्हणीची परीक्षा घ्यावी, पण एकट्या म्हणीवर कोणाला नापास करू नये, अशी माझी शिफारस आहे.

अपघातानंतर पहिल्या तासात मात्र म्हणी विचारायला सवड नसते. तिथे चालतो तो ग्लासगोचा तक्ता. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी तो १९७४ साली मांडला. डोळे उघडण्याला चार गुण, बोलण्याला पाच, हातपाय हलवण्याला सहा; एकूण पंधरा. भाषेची शिक्षिका म्हणून मी अर्थातच बोलण्याचा रकाना वाचला. काळवेळ सांगून नीट बोलतो त्याला पाच. बोलतो पण गोंधळलेला, त्याला चार. संदर्भ सोडून सुटे शब्द फेकतो, त्याला तीन. नुसते आवाज काढतो, त्याला दोन. काहीच नाही, त्याला एक. (तीन गुणांची भाषणे मी व्यासपीठावरून पुष्कळ ऐकली आहेत.) या तक्त्यात शून्य नाही. ज्याचा कोणताच प्रतिसाद नाही त्यालाही प्रत्येकी एक असे तीन गुण मिळतातच. विद्यापीठानेही इतके औदार्य कधी दाखवलेले नाही.

क्रिकेटच्या मैदानावर आणखी वेगळे प्रश्न आहेत. १९६२ साली मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने रक्त दिले, आणि कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळायला मिळाला नाही. ती इजा उघड होती. न दिसणाऱ्या इजेचे काय? ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंची पाहणी करून १९९५ साली दाखवले, की डोक्याला हादरा बसलेल्या खेळाडूला नाव आणि जन्मतारीख विचारून फारसे हाती लागत नाही. ती तो सांगतोच. त्याला विचारावे, आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला? मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो, आणि जिंकलो का? अलीकडचे निसटते, जुने टिकते. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन खेळला. आमच्या पुण्यात हेल्मेटची सक्ती निघाली की जो पुरुषार्थ उसळून येतो, त्याने या गोष्टी जरा वाचाव्यात. पण तो वाचत नाही, त्याच्या हातात पत्रक असते.

या सगळ्या वाचनात मला खरे गुंतवले ते त्याच लुरियाने. दुसऱ्या महायुद्धात तो उरल भागातल्या एका रुग्णालयात मेंदूला जखम झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होता. १९४३ सालच्या मार्चमध्ये झासेत्स्की नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यात गोळी शिरली. तो जगला. त्याला बोलता येई, बोललेले ऐकू येई. पण लुरियाने विचारले, की ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांत फरक काय, तर तो तासन्‌तास अडून बसे. वडील कळत, भाऊ कळे. दोघांना जोडणारा धागा हाती लागत नसे. हत्ती माशीपेक्षा मोठा की माशी हत्तीपेक्षा मोठी, हे वाक्यातून त्याला उलगडत नसे, हत्ती आणि माशी दोन्ही ठाऊक असून! मी दरवर्षी षष्ठी विभक्ती शिकवते. चा-ची-चे म्हणून फळ्यावर लिहिते आणि पुढे जाते. त्या तीन अक्षरांना मेंदूत घर आहे आणि ते घर पडले की काका आणि वडील एक होतात, हे मला ठाऊक नव्हते. गोळीने त्याचे वाचन हिरावले, पण अक्षरांचा विचार न करता हात सोडून दिला की शब्द लिहिला जाई. तसा लिहीत लिहीत, पंचवीस वर्षांत त्याने तीन हजार पाने लिहिली. स्वतः लिहिलेले त्याला धड वाचता येत नसे. लुरियाने ती पाने घेऊन १९७१ साली पुस्तक केले.

झासेत्स्कीची इजा प्रश्न विचारला की सापडते. काही इजा अशा की, सर्व प्रश्नांची उत्तरे बरोबर येऊनही माणूस बिघडलेला असतो. अमेरिकेत व्हर्माँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून लोखंडी पहार डोक्यातून वर निघाली. पहार साडेतीन फुटांहून लांब, वजन तेरा पौंडांवर. तो थोड्याच वेळात उठून बसला आणि डॉक्टरांशी बोलला. वार विचारला असता तर बहुधा सांगितला असता. पुढे डॉ. हार्लो यांनी १८६८ साली लिहिले, की पूर्वीचा नेमस्त, कामाला चोख मुकादम उरला नाही. तो हट्टी, धरसोडीचा, शिवराळ झाला आणि त्याच्या मित्रांना तो गेज वाटेना. नंतरच्या अभ्यासकांनी एवढी भर घातली आहे, की तो पुढे चिलीत जाऊन घोडागाडी हाकीत असे, म्हणजे काही अंशी सावरलाही होता. कपाळामागचा मेंदू दुखावला की आठवण शाबूत राहते, आवर जातो. अशा माणसाला तुम्ही तीसपैकी तीस द्याल आणि त्याची बायको दाराआड उभी राहून रडत असेल. म्हणून या कामात रुग्णाइतकेच घरच्यांनाही विचारावे लागते. ‘पूर्वी कसे होते?’ या प्रश्नाला पर्याय नाही.

आता दुसरा कागद. इंग्रजीत त्याची पाच आद्याक्षरे जुळून ‘हेल्प्स’ असा शब्द होतो. डोक्याला मार, दवाखान्यात जावे लागणे, शुद्ध हरपणे, तेव्हापासूनचे त्रास, आणि मेंदूवर परिणाम करणारे आजार. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तो अमेरिकेत तयार झाला आणि डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना वापरता यावा असाच बेतलेला आहे. मलाही आद्याक्षरांचा मोह झाला. मार, दवाखाना, त्रास यांची ‘मदत’ छान होते. पण शुद्ध आणि आजार बाहेर उभे राहतात, म्हणून नाद सोडला.

पहिल्या प्रश्नाचे मी सरळ मराठी केले होते, ‘तुमच्या डोक्याला कधी मार लागला आहे का?’ माझी विद्यार्थिनी तो घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत आली.

‘मॅडम, सगळ्या नाहीच म्हणतात. ज्यांच्या कपाळावर टाके दिसतायत त्यासुद्धा.’

मग मी स्वतःच निवाऱ्यात गेले. स्वयंपाक करणाऱ्या मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यांना प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी लाटणे थांबवले नाही.

‘अहो मॅडम, मार लागतो तो पडल्यावर. नवरा मारतो त्याला मार लागणं कोण म्हणतं? तो मार खाणं.’

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद फार साळसूद आहे. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, मार लागतो. यांपैकी कशालाच कर्ता नाही. जे आपोआप घडते त्याचे हे क्रियापद. माझा प्रश्न अपघाताविषयी होता आणि त्या बायकांनी अपघात झाला नाही हे अगदी खरे सांगितले होते.

‘मग कसं विचारू, मावशी?’

‘डोकं भिंतीवर आपटलं का, विचारा. केस धरून ओढलं का. गदागदा हलवलं का. गळा धरला का, ते तर आधी विचारा. ते कुणी सांगत नाही.’

मूळ कागदात मारहाण आहे, जोरात हलवणे आहे, श्वास कोंडल्याने मेंदूचा प्राणवायू तुटणे हेही आजारांच्या घरात आहे. मावशींनी तो वाचलेला नव्हता.

शुद्ध हरपण्याच्या प्रश्नाचीही हीच गत झाली. ‘बेशुद्ध पडलात का?’ याला नकार येतो, कारण बेशुद्ध म्हणजे दोन दिवस दवाखान्यात डोळे न उघडणे, अशी समजूत. आणि मेंदूला इजा होण्यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. नुसते गरगरणे, सुन्न होणे, मधला वेळ आठवणीतून पुसला जाणे, हेही मोजावे लागते. तेव्हा लिहिले, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली का? काय झालं ते मागाहून दुसऱ्यांनी सांगितलं, असं झालं का?’ या दुसऱ्या वाक्याला निवाऱ्यातल्या चौघींनी मान हलवली. एकीला मारहाण आठवत होती आणि नंतर एकदम शेजारणीच्या घरातली चटई. मधले काही नव्हते.

त्रासांच्या यादीत विसरणे होते. ‘विसरायला होतं का?’ याला सगळ्याच हो म्हणाल्या. कोणाला होत नाही? तिथे ‘त्या माराआधीही असं होत होतं का?’ हे जोडले. लक्ष न लागणे, डोके दुखणे, उजेड आणि गोंगाट न सोसणे, पैशांचा हिशेब चुकणे, हातातले काम अर्धे टाकून दुसरे धरणे, रागाला बांध न राहणे, या प्रत्येकाला तेच शेपूट लावले.

एवढे भरून झाले की निदान झाले, असे नाही, आणि ते कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. खिन्नता, झोपेचा अभाव, दारू, थायरॉइडचा दोष, जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, यांनीही माणूस असाच दिसू शकतो. सौम्य इजेत सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो, म्हणून स्वच्छ आला की बाई ढोंग करते असेही ठरत नाही. कागद फक्त सांगतो, हिला डॉक्टरांकडे न्या आणि डॉक्टरांना हे सांगा. निवाऱ्यातल्या मुलींना हे पटवायला मला फार बोलावे लागले नाही. कागद पुरता भरण्याआधी विचारणारीने पेन खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसावे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागले. खरी उत्तरे बहुधा त्या गप्प वेळात येतात.

निवाऱ्यात एक बाई होती, तिच्यावर सगळ्यांचा राग. भाजी आणायला पाठवली तर दळण घेऊन यायची. बोलले की भांडे आपटायची. ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे तिथेही ठरून गेले होते. नव्या कागदावर तिने तीन प्रसंग सांगितले, एकात गळा दाबलेला. माझी विद्यार्थिनी तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, औषध सुरू झाले, आणि तिथल्या बाईंनी काही साध्या सूचना दिल्या. आता तिला एका वेळी एकच काम सांगतात. ते सांगून झाले की तिच्याकडून एकदा म्हणून घेतात. भाजीच्या पिशवीवर भाजीचे आणि दळणाच्या डब्यावर गव्हाच्या लोंबीचे चित्र मावशींनी चिकटवले आहे. सकाळी फळ्यावर वार लिहायचे काम तिच्याकडे आहे.